भंगार, भट्टी आणि आवर्तसारणी

जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या ट्रकांत काय काय भरलेले असते ते एकदा पाहावे. मोडक्या सायकली, पत्र्याचे डबे, जुने पाइप, यंत्रांचे सुटे भाग, गाड्यांचे सांगाडे, कारखान्यांतून उरलेले कातरण. हे सारे भट्टीत जाते आणि दुसऱ्या टोकाने घरबांधणीच्या सळया बाहेर पडतात. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज तो बियाणे, मोसंबी आणि पोलाद या तीन गोष्टींसाठी ओळखला जातो. येथील सळई कारखान्यांचा मुख्य कच्चा माल म्हणजे हेच भंगार आणि त्याच्या जोडीला स्पंज आयर्न.

आपल्या शाळांत आठवीला ‘अणूचे अंतरंग’ आणि दहावीला ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ असे धडे आहेत. पुष्कळ वर्गांत पहिला धडा म्हणजे २, ८, ८, २ अशा मांडण्या पाठ करणे आणि दुसरा म्हणजे मूलद्रव्यांची नावे ओळीने म्हणून दाखवणे, एवढेच होऊन बसते. मुले गुण मिळवतात. पण हे कशासाठी शिकलो, असे विचारले तर गप्प बसतात. या लेखात आम्ही दोन्ही धडे एकाच प्रश्नाभोवती मांडणार आहोत. भंगार वितळवून त्याची सळई करताना अणूंमध्ये काय बदलते आणि काय बदलत नाही? याचे उत्तर नीट उमगले तर आवर्तसारणीचा अर्थ कळतो. शिवाय भंगाराच्या धंद्यातील एका खऱ्या धोक्याचे कारणही कळते.

नाव केंद्रकावरून, वागणूक इलेक्ट्रॉनांवरून

लोखंडाचा एक अणू घेऊ. त्याच्या मध्यभागी केंद्रक असते. केंद्रकात २६ प्रोटॉन आणि बहुतेक अणूंत ३० न्यूट्रॉन असतात. केंद्रकाभोवती २६ इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉनवर धनभार, इलेक्ट्रॉनवर तेवढाच ऋणभार आणि न्यूट्रॉनवर कोणताच भार नाही. त्यामुळे एकूण अणू उदासीन असतो. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १८३६ व्या भागाइतके, म्हणजे अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान केंद्रकातच असते.

हे चित्र एका दिवसात तयार झाले नाही. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. १९११ मध्ये रदरफर्ड यांनी अणूच्या मध्यभागी इवलेसे, पण जड केंद्रक असल्याचे दाखवले. न्यूट्रॉन सापडायला १९३२ साल उजाडावे लागले. तो चॅडविक यांनी शोधला.

केंद्रक किती लहान? शाळेच्या मैदानाच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवा. तो लोखंडाचे केंद्रक मानला, तर अणूची कड त्या दाण्यापासून चारी बाजूंना सुमारे पन्नास मीटरवर येईल. दाणा आणि कड यांच्या मधल्या जागेत २६ इलेक्ट्रॉनांचा वावर असतो. दोन अणू एकमेकांजवळ येतात तेव्हा भेट होते ती या कडेला. दाणे एकमेकांपासून फार दूर राहतात. ही गोष्ट मुलांनी डोळ्यांसमोर ठेवली, तर पुढचे बरेचसे आपोआप सुटते.

आता दोन गोष्टी वेगळ्या करू. अणू कोणत्या मूलद्रव्याचा आहे हे केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. या संख्येला अणुअंक म्हणतात. २६ प्रोटॉन म्हणजे लोखंड, २७ म्हणजे कोबाल्ट, २८ म्हणजे निकेल. एखादा इलेक्ट्रॉन कमीजास्त झाला तरी लोखंड लोखंडच राहते. गंजामध्येही ते लोखंडच असते. मात्र अणू कोणाशी जुळतो, किती घट्ट जुळतो, हे कडेकडच्या इलेक्ट्रॉनांवरून ठरते. आवर्तसारणी म्हणजे या दोन गोष्टी एकाच कागदावर लिहिण्याची युक्ती आहे.

२, ८, ८ आणि मग?

इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कवचांमध्ये असतात. पहिल्या कवचात जास्तीत जास्त २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८ आणि चौथ्यात ३२ इलेक्ट्रॉन मावतात. येथे चाणाक्ष विद्यार्थी हमखास विचारतो, “तिसऱ्या कवचात १८ मावतात, तर १९ इलेक्ट्रॉनांच्या पोटॅशियमची मांडणी २, ८, ९ अशी का नाही? २, ८, ८, १ अशी का?” हा प्रश्न टाळू नये.

कवच म्हणजे एकच सलग खोली नव्हे. त्यात निरनिराळ्या ऊर्जेचे कप्पे असतात. तिसऱ्या कवचाचे पहिले ८ कप्पे भरले की उरलेल्या १० कप्प्यांपेक्षा चौथ्या कवचातील पहिले दोन कप्पे कमी ऊर्जेचे ठरतात. म्हणून पोटॅशियमचा १९ वा आणि कॅल्शियमचा २० वा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो. त्यानंतर २१ व्या स्कँडियमपासून ३० व्या जस्तापर्यंत तिसऱ्या कवचातील ते १० कप्पे भरत जातात. सारणीच्या चौथ्या ओळीत मधोमध जी दहा घरे दिसतात ती हीच. आपल्या भट्टीशी संबंधित बरीच मंडळी याच दहा घरांत राहतात: मँगेनीज (२, ८, १३, २), लोखंड (२, ८, १४, २), कोबाल्ट (२, ८, १५, २), निकेल (२, ८, १६, २), तांबे (२, ८, १८, १) आणि जस्त (२, ८, १८, २).

लोखंड, कोबाल्ट आणि निकेल यांच्या मांडण्या पुन्हा पाहा. बाहेरच्या कवचात तिघांच्याही २ इलेक्ट्रॉन आहेत. फरक आतल्या कवचात आहे. म्हणून हे तीन शेजारी स्वभावाने पुष्कळ सारखे आहेत. तिघांनाही चुंबक ओढते, तिन्ही कठीण धातू आहेत आणि तिघांचेही वितळणबिंदू १४५० ते १५४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आहेत. हे साधर्म्य पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

कोबाल्ट आधी की निकेल?

सारणीत डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या ओळींना आवर्त म्हणतात आणि वरून खाली येणाऱ्या स्तंभांना गण. एका गणातील मूलद्रव्यांच्या सर्वांत बाहेरच्या कवचाची मांडणी साधारण सारखी असते. म्हणून त्यांचे गुणधर्म मिळतेजुळते असतात. सोडियम २, ८, १. पोटॅशियम २, ८, ८, १. सीझियम २, ८, १८, १८, ८, १. तिघांच्या टोकाला एकच इलेक्ट्रॉन आहे आणि तो देऊन टाकायला तिघेही उत्सुक असतात.

मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये आपली सारणी मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉनही सापडला नव्हता आणि केंद्रकही. त्यांच्या हाती होते अणुभार आणि रासायनिक गुणधर्म. तरीही त्यांनी रिकामी घरे सोडून तेथे येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म सांगून ठेवले. १८७५ मध्ये गॅलियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले आणि भाकिते जुळली.

पण एक जोडी अडचणीची होती. कोबाल्टचा अणुभार ५८.९३ आणि निकेलचा ५८.६९. अणुभाराच्या क्रमाने निकेल आधी यायला हवे. गुणधर्म पाहिले तर मात्र कोबाल्ट आधी आणि निकेल नंतर हाच क्रम योग्य दिसत होता. गुणधर्मांना मान देऊन तोच क्रम ठेवला गेला, पण का, याचे उत्तर नव्हते.

ते हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये दिले. निरनिराळ्या धातूंतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता त्यांनी मोजली. एका घरातून पुढच्या घरात जाताना या वारंवारतेचे वर्गमूळ सारख्याच पायरीने वाढते असे त्यांना आढळले. केंद्रकातील धनभार एकेकाने वाढत असेल तरच असे होऊ शकते. मोजमापात कोबाल्ट २७ वे आणि निकेल २८ वे निघाले. सारणीचा खरा क्रम अणुभाराचा नसून अणुअंकाचा आहे, हे त्यातून निश्चित झाले. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात मोझली मारले गेले.

मग कोबाल्टचा अणुभार जास्त का? कोबाल्टच्या नैसर्गिक अणूंत २७ प्रोटॉनांबरोबर ३२ न्यूट्रॉन असतात, बेरीज ५९. निकेलच्या बहुसंख्य अणूंत २८ प्रोटॉनांबरोबर ३० च न्यूट्रॉन असतात, बेरीज ५८. एकाच मूलद्रव्याच्या अणूंत न्यूट्रॉनांची संख्या वेगवेगळी असू शकते. अशा अणूंना समस्थानिके म्हणतात. सारणीत त्यांचे स्थान एकच असते, कारण प्रोटॉन तेवढेच असतात. हा शब्द लक्षात ठेवू; तो पुन्हा येणार आहे.

भट्टीतून निघणाऱ्या तीन वाटा

आता भट्टीकडे वळू. सळई कारखान्यांत प्रामुख्याने इंडक्शन भट्टी वापरतात. भट्टीभोवती तांब्याचे वेटोळे असते. त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की आतल्या धातूतच प्रवाह निर्माण होतात आणि तो तापून वितळतो. लोखंड १५३८ अंशांना वितळते. भट्टीतील रस सुमारे १६०० अंशांपर्यंत नेतात. भंगारात लोखंडाबरोबर जी इतर मूलद्रव्ये येतात त्यांना येथून तीन वाटा असतात.

पहिली वाट धुराची. पत्र्यावरच्या कल्हईसारख्या थरातील जस्त ९०७ अंशांनाच उकळते. जस्ताच्या आतल्या कवचातील ते १० कप्पे पूर्ण भरलेले असल्याने अणूंना बांधून ठेवायला बाहेरचे दोनच इलेक्ट्रॉन उरतात. म्हणून ते लवकर उडून जाते आणि हवेत त्याचे ऑक्साइड होऊन पांढरा धूर दिसतो. पोटॅशियम सुमारे ७६० अंशांना आणि सीझियम ६७१ अंशांनाच उकळते. एकुलता एक बाहेरचा इलेक्ट्रॉन, तोही केंद्रकापासून दूर. त्यामुळे अणूंमधील बंध दुबळा असतो.

दुसरी वाट धातुमळीची. कारखान्यात तिला स्लॅग म्हणतात. ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम यांना ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा जास्त असते. त्यांची ऑक्साइडे रसावर तरंगतात आणि काढून टाकली जातात.

तिसरी वाट सळईची. कोबाल्ट, निकेल आणि तांबे यांना ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कमी असते. ऑक्सिजन सोडलाच तर तो आधी लोखंडाला धरेल, यांना नाही. शिवाय कोबाल्ट आणि निकेल उकळायला सुमारे २९०० अंश लागतात. तेव्हा ही मूलद्रव्ये ना धुरात जातात ना मळीत. ती लोखंडात विरघळून तेथेच राहतात. भंगारात तांब्याच्या तारा राहिल्या तर पोलादाची प्रत बिघडते आणि नंतर काही करता येत नाही, हे भट्टीवरच्या माणसांना अनुभवाने ठाऊक असते.

फॉस्फरसची गोष्ट आणखी बोधक आहे. सारणीत डावीकडच्या धातूंची ऑक्साइडे आम्लारिधर्मी आणि उजवीकडच्या अधातूंची आम्लधर्मी असतात. फॉस्फरसचे ऑक्साइड आम्लधर्मी आहे. त्याला पकडायला चुन्यासारखे आम्लारिधर्मी ऑक्साइड हवे. पण इंडक्शन भट्टीचे अस्तर सामान्यतः सिलिकाचे, म्हणजे तेही आम्लधर्मी. चुना टाकला तर तो फॉस्फरसआधी अस्तरच खाऊ लागतो. म्हणून अशा भट्टीत फॉस्फरस फारसा काढता येत नाही; तो कमी असलेले भंगार निवडणे हाच उपाय. भारतीय मानकानुसार फे ५०० प्रतीच्या सळईत फॉस्फरस आणि गंधक प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांहून आणि कार्बन ०.३० टक्क्यांहून जास्त असून चालत नाही.

हे प्रमाण मोजतात कसे? रसाचा नमुना घट्ट झाला की त्याच्यावर विजेची ठिणगी पाडतात. ठिणगीच्या ऊर्जेने अणूंतील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातात आणि परत खाली येताना प्रकाश देतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या वेगळ्या, म्हणून प्रकाशाच्या रेषाही वेगळ्या. स्पेक्ट्रोमीटर त्या वाचतो आणि थोड्याच वेळात कार्बन किती, मँगेनीज किती, फॉस्फरस किती ते सांगतो. चुलीच्या ज्योतीत मीठ पडले की ती पिवळी होते, त्यामागचे तत्त्व हेच.

भट्टी कोठवर पोहोचते?

‘जालना, सोने का पालना’ अशी एक जुनी म्हण आहे. व्यापाराच्या दृष्टीने ती खरी असेल. पण जालन्याच्या किंवा जगातल्या कोणत्याही भट्टीत लोखंडाचे सोने करता येत नाही. सोन्याचा अणुअंक ७९. त्यासाठी केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या बदलावी लागेल, आणि भट्टी केंद्रकापर्यंत पोहोचतच नाही.

हे आकड्यांत पाहू. अणूंच्या जगात ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या छोट्या एककात मोजतात. १६०० अंशांना एका अणूची हालचालीची सरासरी ऊर्जा सुमारे पाव इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कार्बनचा एक अणू पूर्ण जळताना सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. लोखंडाच्या सुट्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ८ लागतात. रसायनशास्त्राचा सगळा व्यवहार हा असा चिल्लरीतला आहे. केंद्रकातील व्यवहार मात्र लाखांत चालतात. म्हणून वितळणे, जळणे, गंजणे, विरघळणे या कोणत्याही क्रियेत कडेचे इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात, केंद्रक तसेच राहते. भंगारात लोखंडाचे जितके अणू गेले तितकेच सळई, मळी आणि धूर यांत मिळून बाहेर येतात.

कोबाल्ट-६०

येथवर हे ज्ञान सुखाचे वाटते. आता त्याची दुसरी बाजू पाहू.

नैसर्गिक कोबाल्टमध्ये ३२ न्यूट्रॉन असतात. अणुभट्टीत त्याच्यावर न्यूट्रॉनांचा मारा केला की एक न्यूट्रॉन वाढून कोबाल्ट-६० हे समस्थानिक तयार होते. हे केंद्रक अस्थिर असते. त्यातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि कोबाल्टचे निकेल होते. अणू सारणीत एक घर उजवीकडे सरकतो. पाठोपाठ ११ लाख ७० हजार आणि १३ लाख ३० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण निघतात. भट्टीतील अणूच्या सरासरी ऊर्जेच्या तुलनेत यांतील एकेक किरण सुमारे पन्नास लाख पट बलवान आहे.

हे किरण माणसाच्या उपयोगी पडतात. कर्करोगाच्या उपचारांत ते वापरले जातात. नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० चे किरण देऊन कांद्याला मोड येणे थांबवता येते. योग्य जाडीच्या शिशाच्या कवचात आणि जाणकारांच्या हाती हा पदार्थ असला तर काम चोख होते. धोका तेव्हा, जेव्हा जुने यंत्र विसरले जाते आणि भंगारात विकले जाते.

असे घडलेले आहे. मेक्सिकोतील सिउदाद हुआरेझ येथे १९८३ च्या अखेरीस उपचारयंत्रातील कोबाल्ट-६० भंगारात गेले आणि वितळून सळयांत मिसळले. जानेवारी १९८४ मध्ये अशा सळया नेणारा ट्रक अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेजवळून गेला, तेथील किरणमापकाची घंटा वाजली आणि प्रकार उघडकीस आला. त्या सळयांनी बांधलेली शेकडो घरे पूर्णतः किंवा अंशतः पाडावी लागली. तैवानमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बनलेल्या दूषित सळयांच्या इमारतींत लोक वर्षानुवर्षे राहत होते. ते १९९२ मध्ये कळले. आपल्या देशात एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगार बाजारात प्रयोगशाळेतील जुन्या यंत्राचे कोबाल्ट-६० पोहोचले. ते यंत्र तेथे सुटे करण्यात आले. अनेकांना किरणांची बाधा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला.

सळईत गेलेले कोबाल्ट तेथून बाहेर का काढता आले नाही, हे आता मुलेच सांगू शकतील. रसायनाच्या दृष्टीने कोबाल्ट-६० म्हणजे कोबाल्टच. इलेक्ट्रॉनांची मांडणी तीच, म्हणून वाट तीच: लोखंडात विरघळण्याची. भट्टी कितीही तापवली तरी केंद्रकाला त्याची खबर नसते. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे. वितळलेल्या रसात असो की थंड सळईत, तो बदलत नाही. सुमारे २१ वर्षांनी सोळावा हिस्सा उरतो, त्याआधी नाही.

मग स्पेक्ट्रोमीटरला हे कळत नाही का? नाही. एक मिलिग्रॅम कोबाल्ट-६० दहा टन पोलादात मिसळले, तर प्रमाण पडते हजार कोटींत एक. इतके थोडे कोबाल्ट ठिणगीच्या प्रकाशात दिसत नाही. तरी त्या पोलादाच्या दर ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे ४ हजार केंद्रकांचे विघटन होत असते. आणि प्रमाण जास्त असते तरी हा स्पेक्ट्रोमीटर इलेक्ट्रॉन पाहतो. साधे कोबाल्ट आणि कोबाल्ट-६० यांत तो भेद करणार नाही. केंद्रकाची बातमी हवी तर केंद्रकातून येणारे किरण मोजणारे उपकरण हवे. म्हणून भंगार भट्टीत पडण्यापूर्वी, फाटकावरच किरणमापकाने तपासणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

सीझियम-१३७ बाबत सारणी वेगळे उत्तर देते. सीझियम पहिल्या गणातले, लवकर उकळणारे. १९९८ मध्ये स्पेनमधील अल्हेसिरास येथील पोलाद कारखान्यात असा स्रोत चुकून वितळला, तेव्हा सीझियम मुख्यतः धुरात आणि धुळीत गेले आणि त्याचा माग युरोपातील इतर देशांच्या हवेतही लागला. एकाच प्रकारची भट्टी, एकाच प्रकारची चूक. पण एका ठिकाणी सळई दूषित झाली आणि दुसऱ्या ठिकाणी धूर. कोणत्या मूलद्रव्याचे काय होईल, हे सारणीतील घर पाहून आधीच सांगता आले असते.

वर्गात करून पाहण्यासारखे

ज्वारीच्या दाण्याचा प्रयोग मैदानावर प्रत्यक्ष करावा. दाण्यापासून पन्नास मीटरवर मुलांचे रिंगण उभे करावे आणि दाणा दिसतो का ते विचारावे.

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे ३० पत्ते करून त्यांवर नाव न लिहिता फक्त इलेक्ट्रॉनांची मांडणी लिहावी. ‘सारखी टोके एकाखाली एक’ एवढाच नियम सांगावा. पहिले वीस पत्ते मुले झटपट लावतात. पुढच्या दहांपाशी वाद सुरू होतो. तो होऊ द्यावा. हेलियम (२) कोठे ठेवायचे, यावरही चांगली चर्चा होते.

गावातील भंगाराच्या दुकानात काय काय येते त्याची यादी मुलांना करायला सांगावी. प्रत्येक वस्तूत कोणती मूलद्रव्ये असतील आणि भट्टीत ती धूर, मळी की सळई यांपैकी कोणती वाट धरतील, हे सारणी समोर ठेवून लिहावे. यादी डोळ्यांनी पाहून करायची आहे. वस्तू उघडायच्या नाहीत.

अर्धायुकालासाठी शंभर चिंचोके घ्यावेत. प्रत्येकाच्या एका बाजूला खडूने खूण करावी. सगळे उधळावेत आणि खूण वर आलेले बाजूला काढावेत. एक उधळण म्हणजे ५.२७ वर्षे. दर वेळी उरलेले मोजून आलेख काढावा. कोणता चिंचोका केव्हा जाईल हे सांगता येत नाही, पण एकंदर किती उरतील याचा अंदाज करता येतो, हे मुलांना येथे दिसते.

शेवटी एक गोष्ट प्रत्येक वर्गात सांगावी. विशेषतः जेथे मुलांच्या घरचे कोणी भंगार गोळा करण्याच्या किंवा भट्टीच्या कामावर आहे तेथे. पिवळ्या जमिनीवर तीन पाती असलेले चिन्ह किरणोत्सारी पदार्थाचे असते. २००७ पासून अतिधोकादायक स्रोतांसाठी लाल त्रिकोणातील आणखी एक चिन्ह वापरात आले आहे. त्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस दाखवला आहे. असे चिन्ह असलेली किंवा आकाराच्या मानाने फारच जड अशी बंद धातूची पेटी अथवा नळकांडे भंगारात आढळले, तर ते फोडू नये, कापू नये, घरी नेऊ नये. दूर व्हावे, इतरांना दूर ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. देशात अशा स्रोतांवर देखरेख ठेवण्याचे काम १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. पोलिसांमार्फत खबर तेथवर पोहोचते. पेटी रिकामी निघाली, तर नुकसान काहीच नाही.